आजीने कधी बिडी ओढली नाही, तरी तिला दम का लागायचा?

आमच्या आजीने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. तरी साठीनंतर अंगणातून ओसरीवर येईपर्यंत तिला धाप लागायची. रात्री उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. घरचे म्हणायचे, वय झालं. दवाखान्यात म्हणायचे, दमा आहे. पन्नास वर्षं ती ज्या चुलीत फुंकणीने फुंकत होती, त्या चुलीबद्दल कुणीच विचारलं नाही.

खरं तर तो प्रश्न दिल्लीत कधीच विचारून झाला होता.

डॉ. एस. पद्मावती. जन्म १९१७, ब्रह्मदेशातला. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा आल्या तेव्हा भारतात आल्या. देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. दिल्लीत त्यांच्याकडे धाप लागलेल्या, पाय सुजलेल्या बायका यायच्या. फुप्फुसं खराब झाली की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, तो हा आजार. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः पुरुषांचा, सिगारेटवाल्यांचा मानला जायचा. इथे मात्र बायकाही जवळजवळ पुरुषांइतक्याच, आणि त्यातल्या बहुतेकींनी कधी बिडी-सिगारेट ओढलेली नव्हती. १९५९ साली पद्मावती आणि पाठक यांनी १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बोट दाखवलं ते शेणी-लाकडाच्या धुराकडे.

पुढे कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात किती धूर जातो हे उपकरणाने मोजलं. ते १९८३ साली छापून आलं. त्याच दशकात सरकारची निर्धूर चूल गावोगाव आली. आठवतेय ना? धुराडं काजळीने भरलं, दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही, अन् बऱ्याच घरांत जुनी चूल परत पेटली. २०१६ ला उज्ज्वला आली. सिलिंडर घरात आला खरा, पण पुढचा भरून आणायचा तर पैसे लागतात. आजही गॅस असलेल्या कितीतरी घरांत आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच.

म्हणजे ६० वर्षांहून जास्त काळ आपल्याला माहीत आहे. तरीही सीओपीडी म्हटलं की आपण 'बिडी ओढता का?' एवढंच विचारतो.

या आजारात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. दम्यासारख्या त्या औषधाने पूर्ण मोकळ्या होत नाहीत. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढचं कमी करता येतं. त्यासाठी आधी निदान हवं. तपासणी साधी आहे, स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं, बस्स.

निदान झालं तर पहिलं औषध म्हणजे धूर बंद, चुलीचा आणि बिडीचाही. 'पंपाची सवय लागते' हे डोक्यातून काढा. इन्हेलरचं औषध थोड्या प्रमाणात थेट फुप्फुसात जातं. फक्त तो नीट कसा ओढायचा हे डॉक्टरांसमोर करून दाखवा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारा. झेपेल तेवढं रोज चाला. बेडक्याचा रंग बदलला किंवा धाप वाढली तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

माझ्या आजीला उशीर झाला. तुमच्या घरी कुणी आई, काकू, मावशी जिना चढताना मध्येच थांबत असेल, तर 'वय झालं' म्हणू नका. तिने किती वर्षं चूल फुंकली ते विचारा, आणि डॉक्टरांनाही सांगा.