बाबांची पद्मिनी आणि एका बारीक भोकाचा इतिहास

आजचा विषय आहे कार्ब्युरेटर. बरेच जण म्हणतील, हे काय असतं? साहजिक आहे. आपण कार शिकलो तोवर हा पार्ट नव्या गाड्यांमधून गेलेला होता. मी बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर बग शोधतो. पण गेल्या मे महिन्यात नांदेडहून लातूरला जाताना बाबांची प्रीमियर पद्मिनी लोह्याजवळ बंद पडली, तेव्हा कुठं मी कार्ब्युरेटर नीट पाहिला.

आधी थोडं मागं जाऊ. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, हवेत मिसळलेलं पेट्रोल लागतं. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं त्यासाठी फवारा मारणारा कार्ब्युरेटर बनवला. नळी मध्येच अरुंद केली की तिथं हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि बाजूच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून ओढलं जातं. त्या भोकाला म्हणतात जेट. वाटीतली पातळी सांभाळायला फ्लोट असतो, घरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. ना सेन्सर, ना कोड. पुढची शंभरेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच आयडियावर पळाल्या.

आपल्याकडची पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. इंजिन १०८९ सीसी. आमची गाडी आजोबांनी सेकंडहँड घेतली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माझी आत्या लातूरला, फोन लागत नव्हता. बाबा याच गाडीनं निघाले. सोबत गल्लीतले मिस्त्री चाचा, कारण त्यांच्याशिवाय ही गाडी एवढ्या लांब न्यायची कुणाची हिंमत नव्हती. अहमदपूरच्या पुढे गाडी अडलीच. चाचांनी रस्त्याच्या कडेला कार्ब्युरेटर उघडला, वाटीतला गाळ काढला, जेट तोंडानं फुंकला आणि अर्ध्या तासात गाडी चालू. आत्या सुखरूप भेटली. म्हणून बाबा ही गाडी विकत नाहीत.

आता माझा पराक्रम ऐका. लोह्याजवळ चहा घेऊन परत आलो तर गाडी चालूच होईना. बाहेर भट्टीसारखं ऊन. मला आधी वाटलं पेट्रोल संपलं. बाबा म्हणाले, पंपावर ओला फडका टाक. उन्हात थांबलेल्या गाडीच्या नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच ओढत बसतो. फडका टाकला, दहा मिनिटं थांबलो, गाडी चालू!

पण दुसरा बग शिल्लकच होता. उभ्या गाडीत इंजिन मस्त चालायचं, ॲक्सिलरेटर दाबला की गचके. लातूरला पोचल्यावर मी यूट्यूब बघून जेट काढला आणि त्यात तार घातली. गचके थांबले, पण मागून काळा धूर! परतीच्या वाटेवर पेट्रोल तर पाण्यासारखं गेलं.

नांदेडला चाचांनी आधी प्लग काढून बघितले. काळेकुट्ट. म्हणाले, "बेटा, तार घातलीस ना?" जेट पितळेचा, मऊ. तारेनं भोक मोठं होतं आणि पेट्रोल जास्त जातं. जेट फक्त हवेनं साफ करायचा. मग त्यांनी समजावलं: उभ्या गाडीला पेट्रोल देणारा छोटा जेट वेगळा, पळत्या गाडीचा मोठा जेट वेगळा. उभ्याउभ्या बंद पडली तर छोट्याकडं बघ, दाबल्यावर गचके दिले तर मोठ्याकडं. म्हणजे शुद्ध डीबगिंग! कचरा आला होता गंजलेल्या टाकीतून. टाकी धुतली, फिल्टर आणि जेट नवे टाकले, गाडी गुळगुळीत.

मग एवढी सोपी वस्तू गेली का? धुरामुळं. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला वजनानं १ भाग पेट्रोल आणि १४.७ भाग हवा, हे प्रमाण कायम सांभाळलेलं लागतं. कार्ब्युरेटरला आपण सोडलेला धूर मोजताच येत नाही. २००० साली भारतात नवे प्रदूषण नियम आले आणि त्याच सुमारास इंजेक्शननं त्याची जागा घेतली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही.

पण चाचा आता सत्तरीपार आहेत. त्यांचा मुलगा स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचतो, झकास काम करतो, फक्त आमच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. म्हणून दर रविवारी मी चाचांकडं बसतो आणि ते सांगतील ते फोनमध्ये रेकॉर्ड करतो. तुमच्या गल्लीत असे कुणी मिस्त्री असतील तर एकदा जाऊन बसा. आणि जेटमध्ये तार घालू नका! भेटू पुढच्या भागात.