वंशावळ-संशोधन, ऑनलाइन

वंशावळ-संशोधन, ऑनलाइन : इंटरनेटवर उपलब्ध झालेल्या हस्तलिखित, छापील व शासकीय नोंदींच्या आधारे घराण्याच्या पिढ्या, नातेसंबंध, मूळ गाव आणि स्थलांतरे ठरवण्याचे काम. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील महसुली व मोडी कागदांचा विचार केला आहे. गोवा आणि मॉरिशस यांचा उल्लेख शेवटी आहे.

पूर्वपीठिका : वंशावळ राखण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेकरू स्वहस्ताने आपले नाव, वडील-आजोबांची नावे, भाऊ, मुलगे आणि गाव लिहून ठेवत. कोल्हापूर, सांगली व बेळगाव भागांत हेळवी सुगीनंतर दारी येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवीत व धान्य घेत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी छापील कुलवृत्तांत काढले. त्यांची माहिती घरोघर माहितीपत्रके पाठवून गोळा केली जाई, आणि ज्या शाखेने पत्रक भरून पाठवले नाही ती पुस्तकात तुटलेली दिसे. ही तूट आजच्या ऑनलाइन वंशवृक्षांत तशीच उतरली आहे, कारण बहुतेक वृक्षांची पहिली भरती कुलवृत्तांतावरूनच होते.

परदेशात या कामाला संस्थात्मक रूप आधी आले. अमेरिकेतील यूटा येथे १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या सूक्ष्मपट्टिका काढल्या. तिचा वारसा चालवणाऱ्या ‘फॅमिलीसर्च’ने २०२१ मध्ये सुमारे २४ लाख पट्टिकांचे डिजिटल रूपांतर पूर्ण केले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण याच संस्थेने केले आहे.

नोंदींची अचूकता : संशोधकाने पहिला प्रश्न विचारावा तो असा : ही नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी केली? कोतवाल बुक या नावाने ओळखले जाणारे जन्म-मृत्यूचे रजिस्टर (गाव नमुना १४) हे उत्तम उदाहरण आहे. त्यात तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. बाळाचे नाव बहुधा नसते, कारण कोतवालाने खबर दिली तेव्हा बारसे झालेले नव्हते. एकाच बापाला चार मुलगे असतील, तर त्यांतला आपला आजोबा कोणता हे केवळ या नोंदीवरून ठरत नाही. त्यासाठी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा जोडून पाहावा लागतो. शाळेतली जन्मतारीख मात्र अनेकदा १ जून असते. ती गुरुजींनी वयाच्या अंदाजाने घातलेली असते, हे गावोगाव सर्वांना ठाऊक आहे. तरीही ऑनलाइन वृक्षांत ती प्रमाण जन्मतारीख म्हणून निःशंकपणे बसते, आणि एका घरातील तीन भावंडे वेगवेगळ्या वर्षांच्या १ जूनला जन्मलेली दिसतात.

मोडी वाचन : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या नोंदींचा मोठा भाग मोडीत आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द तोडले जात नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, आणि लेखक घाईत असेल तर दोन अक्षरे एकासारखी दिसतात. ‘राणोजी बिन कृष्णाजी’ अशा धर्तीच्या मजकुरात ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, आणि ‘गंगाबाई कोम रामजी’ यात ‘कोम’ म्हणजे ‘ची बायको’. हे ‘बिन’ नावाचाच भाग समजून ‘राणोजीबिन’ असा नवाच पूर्वज निर्माण झालेले वृक्ष प्रस्तुत नोंदकाराच्या पाहण्यात आले आहेत. ‘कोम’चा अर्थ न कळल्याने बायको मुलगी झाली, तर चूक याहून गंभीर होते. तिथे सगळी पिढीच सरकते. म्हणून लिप्यंतरासोबत मूळ पानाची प्रतिमा ठेवलीच पाहिजे. नुसते लिप्यंतर हे कोणा एकाने केलेले वाचन असते, मूळ कागदाची जागा ते घेऊ शकत नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने मोडी अक्षरे संगणकावर लिहिता येऊ लागली. जुन्या हस्ताक्षराचे यांत्रिक वाचन मात्र अजून जाणत्या वाचकाच्या तपासणीवाचून वापरू नये.

कालगणना : जुन्या कागदांत शके, फसली, सुहूर व हिजरी सन येतात. शकाला सरसकट ७८ मिळवण्याची सवय अनेक चुकांचे मूळ आहे. जेधे शकावलीतील शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी आहे. यात ७८ मिळवले तर १६२९ येते, पण फाल्गुन महिना इंग्रजी वर्ष उलटल्यावर पडत असल्याने खरे वर्ष १६३० आहे. ही तिथी ज्यूलियन पंचांगाने १९ फेब्रुवारीला येते, ग्रेगोरियन पंचांगाने १ मार्चला. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत फसली सनात ५९० मिळवतात : फसली १३३० म्हणजे इ. स. १९२०-२१. वंशवृक्षाच्या संकेतस्थळांवर तारखेचा रकाना केवळ इंग्रजी पद्धतीचा असल्याने वापरकर्ता घरच्या घरी रूपांतर करतो आणि मूळ तिथी टाकून देतो. मूळ तिथी शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवावी.

नावे आणि दत्तक : नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे घराण्यात तीच दोन-तीन नावे फिरत राहतात. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथ व बाळाजी बाजीराव, दोन बाजीराव, दोन माधवराव असल्याने बापाचे नाव सुटले की माणूस बदलतो. सामान्य घरांत तर बापाचे नावही पुन्हा येते. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही हुद्द्यांची नावे आडनावे म्हणून वापरात असल्याने आडनावाच्या शोधाने हाती येणारे निकाल परस्परांशी असंबद्ध असतात. अशा वेळी शोधाची सुरुवात गावापासून करावी.

दत्तकामुळे एकाच व्यक्तीला दोन बाप आणि बहुधा दोन नावे असतात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये दत्तक गेले. कोल्हापूरचे शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. दत्तकविधान १८८४ चे. राजघराण्यांबाबत हे सर्वश्रुत आहे. शेतकरी घरातील दत्तक मात्र एखाद्या फेरफारातील अर्ध्या ओळीवरून कळतो, नाहीतर कळतच नाही.

फेरफार व वारस नोंद : या विषयात सर्वाधिक उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे गावचे फेरफार रजिस्टर (गाव नमुना ६) आणि वारसा प्रकरणांची नोंदवही (६ क). खातेदार मयत झाल्यावर तलाठी वारसांची नावे, वये आणि नाते लिहितो. हरकत आली तर तीही नोंदली जाते. एका पानात विधवा, मुलगे, मुली, मयत मुलाची मुले, ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आलेली आई असे सगळे घर उभे राहते. कुलवृत्तांतात जिचे नाव नाही अशी मुलगी इथे सासरच्या नावासह भेटते, कधी हक्कसोड लिहून देताना. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने हिस्सा महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने आणि केंद्राने २००५ च्या दुरुस्तीने दिला. या टप्प्यांनंतर नोंदींत स्त्रियांची नावे वाढत गेलेली दिसतात. माहेरच्या बाजूचा शोध घेणाऱ्याने कुलवृत्तांत बाजूला ठेवून आधी फेरफार काढावेत, असे आग्रहाने सांगितले पाहिजे.

देवाणघेवाण : ऑनलाइन वृक्षांचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येकाचा वृक्ष वेगळा असतो व इतरांना त्यातून नावे उचलता येतात. दुसऱ्यात सर्वांचा मिळून एकच वृक्ष असतो आणि कोणीही दुरुस्ती करू शकतो. पहिल्यात चूक नकलेने पसरते : दहा वृक्षांत तीच तारीख आढळली की ती खरी वाटू लागते, प्रत्यक्षात दहाही जणांनी ती एकाच जागेवरून घेतलेली असते. दुसऱ्यात चूक सुधारता येते, पण सुधारलेली नोंद दुसरा कोणी पुन्हा बिघडवू शकतो. दोन्हींवर उपाय एकच : प्रत्येक नावापुढे कागद कोणता, कोठे आहे, पान कितवे, आणि वाचले कोणी हे लिहिणे.

फायलींच्या देवाणघेवाणीसाठी १९८४ पासून ‘गेडकॉम’ हे रूप वापरात आहे.

उपलब्धता : पुणे येथील पेशवे दफ्तरात सुमारे ३९ हजार रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. घराण्यांच्या कैफियती व वंशावळी ब्रिटिशकालीन इनाम कमिशनच्या चौकशीतून मोठ्या प्रमाणात जमा झाल्या. आपले इनाम टिकवण्यासाठी लोकांनी त्या दिल्या असल्याने त्यांतील हक्काचा भाग सावधपणे वाचावा लागतो. भारत इतिहास संशोधक मंडळातही (स्थापना १९१०) घराण्यांची दफ्तरे आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५ पासून खुले आहे. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’वर काही जिल्ह्यांतील जुने सातबारा व फेरफार पाहता येतात.

जनगणनेची घरनिहाय नोंद भारतात वंशावळीसाठी मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार ती पाहण्यास खुली नाही व पुरावा म्हणूनही चालत नाही. इंग्लंडची १९२१ ची खानेसुमारी शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. इंग्रजी मार्गदर्शिका जनगणनेपासून सुरुवात करायला सांगतात, ती वाट इथे बंद आहे.

कुणबी नोंदी : २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्हा प्रशासनांनी जुनी रजिस्टरे तपासून सापडलेल्या कुणबी नोंदींच्या प्रतिमा संकेतस्थळांवर गावनिहाय ठेवल्या. जन्म-मृत्यू रजिस्टरे, प्रवेश-निर्गम उतारे, खासरा पत्रके अशी साधने एवढ्या संख्येने एकदम खुली होण्याचा महाराष्ट्रातील हा पहिलाच प्रसंग म्हणता येईल. नोंदींतील जातीचे संक्षेप कसे वाचावेत आणि नोंद सापडलेल्या व्यक्तीशी नाते कसे सिद्ध करावे याविषयी मतभेद आहेत. वंशावळ-संशोधनाच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब ही की, मोडी वाचकांना तहसील कचेऱ्यांत अचानक मागणी आली, आणि फडताळात दुमडून पडलेली, कडा झडलेली रजिस्टरे प्रथमच कोणीतरी पानोपान उलगडली.

ज्यांच्या नोंदीच नाहीत : जात-पडताळणीसाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्याच्या घरी जमीन होती त्याचा आजोबा सातबाऱ्यावर सापडतो. महार वतनाच्या जमिनींमुळे काही घरांची नावे वतनाच्या कागदांत टिकली. पण पालावर जन्मलेल्या, गावोगाव फिरणाऱ्या आजोबाची नोंद कोणत्या कोतवालाने करायची होती? ज्यांच्याकडे कागद सर्वांत कमी, त्यांनाच कागदावाचून शाळा-नोकरीची दारे बंद होतात. नोंदींचे डिजिटलीकरण कितीही झाले तरी मुळात न लिहिलेली नोंद त्यातून निर्माण होत नाही. अशा समाजांच्या तोंडी वंशावळी ध्वनिमुद्रित करून जपण्याचे काम अत्यंत निकडीचे आहे.

हयात व्यक्ती : १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार कोणालाही नोंदीचा शोध घेता येतो व उतारा मिळतो, मात्र मृत्यूचे कारण उताऱ्यात उघड करता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वापरासाठी व्यक्तीने केलेल्या माहितीच्या हाताळणीला लागू नाही. वृक्ष सर्वांसाठी खुला केल्यावर ही सवलत गृहीत धरू नये. हयात माणसाची जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव एकत्र प्रसिद्ध करणे टाळावे, कारण बँका ओळख पटवण्यासाठी नेमके हेच विचारत आल्या आहेत.

जनुकीय चाचणी : पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झालेल्या समाजांत चाचणीत दूरचे नाते जवळचे भासते. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या चाचणी करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती उघड झाली.

गोवा : पोर्तुगीज काळातील नोंदींत हिंदू नावे पोर्तुगीज वळणाने लिहिली आहेत : शेणवी ‘सिनाय’, प्रभू ‘पोरोब’. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्मनोंदी शोधतात, आणि दोन दाखल्यांतील नावाच्या एका अक्षराच्या फरकावर प्रकरण अडते. पणजीच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ चा आहे.

मॉरिशस : १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख गिरमिटिये (करारबद्ध मजूर) भारतातून तेथे गेले; त्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले मराठी लोक मुंबईहून जहाजात चढले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरे आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, उंची व अंगावरच्या खुणा आहेत, पुढच्या काळातल्यांची छायाचित्रेही आहेत. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिल्याने गावे ओळखू येत नाहीत, आणि बापाचे किंवा स्वतःचे नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. रत्नागिरीचे त्या काळचे इंग्रजी लेखन ‘रुत्नाघेरी’ असे वाचले जाते. खेड्याचे नाव असेच मोठ्याने उच्चारून, कोकणातल्या गावांच्या यादीशी कानाने जुळवावे लागते. प्रत्येक गिरमिटियाला एक क्रमांक दिलेला असे. घरातल्या जुन्या कागदावर तो क्रमांक सापडला, तर नावाच्या स्पेलिंगवर विसंबावे लागत नाही.