चॅलेंजर यानाचा खोटा ताप

१/ गाडीच्या इंजिनाचा तापमानदर्शक काटा अचानक लाल रेषेवर चढला, तर दोन शक्यता असतात. इंजिन खरोखरच तापले असेल, किंवा तापमान मोजणारा सेन्सर बिघडला असेल. रस्त्यावर गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडता येते. २९ जुलै १९८५ रोजी हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा वाहन अंतराळाकडे झेपावत होते आणि त्यात सात माणसे होती.

२/ त्या सायंकाळी ५ वाजता फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून ‘चॅलेंजर’ हे स्पेस शटल निघाले. मोहीम एसटीएस-५१-एफ, कमांडर गॉर्डन फुलरटन. सोबत सूर्याच्या व ताऱ्यांच्या अभ्यासासाठी स्पेसलॅब-२ ही प्रयोगशाळा होती. १२ जुलैचा पहिला प्रयत्न उड्डाणाला अवघे ३ सेकंद उरले असताना एका झडपेच्या बिघाडामुळे थांबवावा लागला होता.

३/ शटलला तीन मुख्य इंजिने असत. त्यांचे इंधन म्हणजे उणे २५३ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप हायड्रोजन. तो पुढे ढकलणारा पंप तप्त वायूवर फिरणाऱ्या टर्बाइनने चाले. हा वायू प्रमाणाबाहेर तापला तर टर्बाइनची पाती टिकत नाहीत आणि इंजिनच फुटण्याची भीती असते. म्हणून तेथे दोन तापमान सेन्सर बसवलेले होते. एक निकामी ठरला, तर उरलेल्या एकाच्या साक्षीवर संगणक इंजिन बंद करू शके.

४/ या सेन्सरमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असे. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि त्या रोधावरून तापमान काढले जाते. परंतु तारेला तडा गेला तरीही रोध वाढतो. संगणकाच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच होतो : इंजिन तापले!

५/ उड्डाणानंतर ३ मिनिटे ३१ सेकंदांनी मधल्या इंजिनाचा एक सेन्सर निकामी झाला. आणखी सुमारे सव्वादोन मिनिटांनी दुसराही गेला आणि संगणकाने ते इंजिन बंद करून टाकले. शटलच्या संपूर्ण इतिहासात उड्डाण सुरू असताना मुख्य इंजिन बंद पडण्याचा हा एकमेव प्रसंग. ठरलेली कक्षा आता आवाक्याबाहेर गेली. ‘अबॉर्ट टू ऑर्बिट’, म्हणजे कमी उंचीच्या कक्षेवर समाधान मानण्याचा आदेश देण्यात आला.

६/ सुमारे आठव्या मिनिटाला उजव्या इंजिनाचाही एक सेन्सर गेला आणि दुसऱ्याचा आकडा लाल रेषेकडे सरकू लागला. हे इंजिनही बंद झाले असते, तर यान आणि त्यातील सातही जण गमावण्याची वेळ येऊ शकली असती.

७/ ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात इंजिनांवर लक्ष ठेवण्याचे काम जेनी हॉवर्ड या अभियंतीकडे होते. इंजिन खरोखर पेटले असेल, तर त्याची खूण इतर मोजमापांतही उमटायला हवी. शिवाय दोन वेगळ्या इंजिनांत एकाच जातीचे सेन्सर पाठोपाठ बिघडत असतील, तर संशय इंजिनापेक्षा सेन्सरवरच अधिक जातो. हॉवर्ड यांनी तत्काळ शिफारस केली : या सेन्सरच्या आकड्यांवरून इंजिन आपोआप बंद होण्याची व्यवस्था रोखा. अंतराळवीरांनी त्याप्रमाणे केले. निर्णय चुकला असता, तर इंजिन वाचवणारे कवचच त्यांनी काढून टाकल्यासारखे झाले असते.

८/ निर्णय अचूक ठरला. उरलेली दोन इंजिने नेहमीपेक्षा अधिक वेळ चालली आणि यान कक्षेत पोहोचले. नियोजित उंची सुमारे ३८५ किलोमीटर होती, प्रारंभी सुमारे २६५ मिळाली. तरीही प्रयोग पार पडले, मोहीम एका दिवसाने वाढवण्यात आली आणि ६ ऑगस्टला चॅलेंजर कॅलिफोर्नियात सुखरूप उतरले.

९/ या कथेला एक उत्तरार्ध आहे आणि तो विसरता येत नाही. सहा महिन्यांनी, २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, पुन्हा तापमानाचाच प्रश्न उपस्थित झाला. कडाक्याच्या थंडीत बूस्टरमधील रबरी कडी नीट काम करणार नाहीत, असा इशारा ती बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी दिला. या वेळी आकडा खरा होता, पण त्यांचे म्हणणे डावलले गेले. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तेच चॅलेंजर सात अंतराळवीरांसह नष्ट झाले.

१०/ जुलैत आकडा खोटा होता, जानेवारीत खरा. दोन्ही वेळा त्याचा अर्थ जाणणारी माणसे हजर होती. जुलैत त्यांचे ऐकले गेले, जानेवारीत नाही.