खाशाबा आणि इशी

आमच्या सांगवीकडे जत्रेतला हगामा म्हणजे काय ते नातवंडांना सांगावे लागत नाही. लाल माती, हलगीचा कडकडाट आणि शेवटी मानाची कुस्ती. पण कुस्ती मॅटवरही असते, हे आमच्या पिढीला कळले ते खाशाबा जाधवांमुळे.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, जन्म १९२६ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. मातीत घडलेला गडी, मॅटवर पाय घसरायचे. तरी सहावा! १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मी आयुष्यभर मास्तरकी केली, म्हणून सांगतो, विद्यार्थ्यावर जीव असणे वेगळे आणि घराची कागदपत्रे सावकाराला देणे वेगळे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. वय तेच, तोही १९२६ चा. मूळचा ज्युदोवाला. युद्धात हरलेल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली आणि तो कुस्तीकडे वळला. लढत लांबली, खाशाबा गुणांवर हरले. लगेच रशियाच्या मामेदबेकोवशी लढायला बोलावले. मधली विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता म्हणतात! थकलेला माणूस हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्णपदक. आणि स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक, पुढचे यायला १९९६ उजाडले.

कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबांनी पहिले काम काय केले? कुस्त्या लढवून इनामाचे पैसे जमवले आणि गुरुजींचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८३ ला निवृत्त झाले, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. हयातीत पद्म काही मिळाले नाही. असो. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले. गोळेश्वरच्या घराचे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ‘ऑलिंपिक निवास’ आहे.