पडद्यामागील सूर आणि पडद्यापुढील रसिक

बालगंधर्व श्रेष्ठ कीं मास्टर दीनानाथ श्रेष्ठ, हा वाद ज्या महाराष्ट्रानें घरोघर घातला, त्याला पाश्चात्त्य चित्रपटसंगीताच्या भक्तांचीं भांडणें समजावून देण्यास फारसे श्रम पडूं नयेत. तिकडेहि कोणी मॅक्स स्टायनर यांचा अभिमानी, कोणी कोर्नगोल्ड यांचा, तर कोणी बर्नार्ड हरमन यांच्याखेरीज दुसरें नांव ऐकूनहि न घेणारा. सामान्य प्रेक्षक चित्रपट पाहून परतला म्हणजे नटनटींविषयीं बोलतो. हे लोक मात्र अमुक प्रसंगीं व्हायोलिनें वाजलीं तीं योग्य होतीं कीं अनाठायीं, यावर रात्र जागवितात. व्यवहारी माणसाला हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. आम्हांलाहि एके काळीं तसेंच वाटे. परंतु या संगीताचा इतिहास जसजसे वाचीत गेलों, तसतसें आमचें मत पालटलें. ज्यांनीं पैसे मोजून हें संगीत करवून घेतलें त्यांनीं तें टाकून दिलें, आणि ज्यांनीं त्यावर नुसते वाद घातले त्यांनीं तें जपलें, असा हा इतिहास आहे. तो थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

चित्रपटसंगीत म्हटलें कीं आपल्याला गाणीं आठवतात. येथें अभिप्रेत आहे तें पार्श्वसंगीत. म्हणजे पात्रें बोलत, चालत वा गप्प बसलेलीं असतांना मागून ऐकूं येणारें वाद्यसंगीत. याचें मूळ मूकपटांत आहे. चित्र मुकें होतें, पण चित्रगृह कधींच मुकें नव्हतें. युरोपांत पियानो वाजे, आपल्याकडे पडद्याखालीं पेटी-तबला घेऊन मंडळी बसत. १९०८ सालीं पॅरिसमध्यें ड्यूक द गीज याच्या खुनावरील एका लहानशा मूकपटासाठीं सँ-साँस यांच्यासारख्या मान्यवर रचनाकारानें स्वतंत्र संगीत लिहिलें, हें या कलेच्या कुळकथेंतील एक मानाचें पान होय.

१९२७ नंतर बोलपट आला आणि एक चमत्कारिक शंका निघाली. अरण्यांत दोघे प्रेमी बोलत असतां मागें वाद्यवृंद वाजूं लागला, तर हे वादक आले कोठून, असें प्रेक्षक विचारतील, असें निर्मात्यांना वाटे. या शंकेला खरें उत्तर दिलें तें १९३३ सालच्या 'किंग काँग'नें. व्हिएन्ना येथें १८८८ सालीं जन्मलेले स्टायनर तेव्हां हॉलिवुडमध्यें नोकरींत होते. खर्च वाचविण्यासाठीं जुन्याच चिजा वापराव्या, असें वरिष्ठांनीं सुचविलें. तेव्हां दिग्दर्शक कूपर यांनीं 'नवें संगीत लिहा, पैसे मी देतों' असें म्हटल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या चित्रपटांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आरंभींच्या श्रेयनामावळीनंतर न्यूयॉर्क शहरांतील सारा भाग संगीतावांचून जातो. जहाज धुक्यांतून त्या अज्ञात बेटाजवळ येतें तेव्हां प्रथम अगदीं हलक्या आवाजांत वाद्यें जागीं होतात. व्यवहाराचें जग संपलें व स्वप्नाचें सुरू झालें, हें प्रेक्षकाला शब्दावांचून कळतें. वादक कोठून आले, हें मग कोणीं विचारलें नाहीं.

स्टायनर यांच्या मागोमाग नांव घ्यावयाचें तें एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड यांचें. तेरा वर्षांचे असतांना, १९१० सालीं, त्यांच्या एका नृत्यनाट्याचा प्रयोग व्हिएन्नाच्या दरबारी संगीतनाट्यगृहांत झाला होता. पुढें ऑपेरांमुळें त्यांची कीर्ति युरोपभर पसरली. १९३८ च्या जानेवारींत रॉबिन हूडच्या चित्रपटासाठीं हॉलिवुडहून बोलावणें आलें व ते निघाले. मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला. कोर्नगोल्ड जन्मानें ज्यू होते; त्यांचें घर गेलें, पण जीव वांचला. रॉबिन हूडनें आपले प्राण वांचविले, असें ते पुढें म्हणत. त्या संगीताला ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्यांतील उत्साह, तुताऱ्यांची ती ललकारी ऐकतांना हें संगीत निर्वासितानें लिहिलें आहे हें आठवलें, म्हणजे मन कांहीं वेगळेंच होतें.

परंतु गंभीर संगीताच्या दरबारांत चित्रपटासाठीं लिहिणाऱ्याला पाट मिळत नसे. कोर्नगोल्ड यांनीं आपल्या चित्रपटांतील स्वरवाक्यें घेऊन व्हायोलिनसाठीं एक काँचेर्टो रचला. १९४७ सालीं यॅशा हायफेत्झ यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकानें तो सेंट लुईस येथें प्रथम वाजविला. तरी न्यूयॉर्कच्या एका टीकाकारानें त्यांच्या नांवावर कोटी करून, यांत सोन्यापेक्षां धान्याचा भुसाच अधिक, अशा अर्थाचा शेरा मारला. १९५७ सालीं कोर्नगोल्ड वारले, तेव्हां त्यांच्या संगीताचे दिवस संपले अशीच बहुतेकांची समजूत होती. आज तोच काँचेर्टो जगभरच्या वादकांच्या नित्य पाठांत आहे.

आतां रसिकांच्या मुख्य वादाकडे वळूं. स्टायनर यांची रीत अशी कीं, पडद्यावर जें घडतें तें सुरांनीं अधोरेखित करावें. त्यांच्या 'द इन्फॉर्मर' (१९३५) या चित्रपटांत पाण्याचा थेंबसुद्धां तालांत पडतो. यांत कौशल्य मोठें आहे. पण दिसतें तेंच ऐकविण्यांत हशील काय, असा प्रतिपक्षाचा सवाल आहे. त्या पक्षाचे अग्रणी हरमन. १९६० सालच्या 'सायको'साठीं त्यांनीं केवळ तंतुवाद्यें वापरलीं. स्नानगृहांतील हत्येच्या प्रसंगीं संगीत नकोच, असें दिग्दर्शक हिचकॉक यांचें मत होतें. हरमन यांनीं तरीहि लिहिलें, ऐकविलें आणि हिचकॉक यांनीं आपलें मत मागें घेतलें. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या ज्यानें ऐकल्या त्याला तो प्रसंग त्यांच्यावांचून कल्पितां येणार नाहीं. हरमन यांचें संगीत घडलेल्या गोष्टीचें वर्णन करीत नाहीं. पात्राच्या मनांत जें दडलें आहे तें बाहेर काढतें.

या वादाचें तिसरें टोंक म्हणजे मौन. हिचकॉक यांच्याच 'द बर्ड्स' (१९६३) या चित्रपटांत रूढ अर्थानें पार्श्वसंगीत नाहीं. पक्ष्यांचे आवाज विद्युत्-वाद्यावर तयार केलेले आहेत, आणि मौज अशी कीं, या मौनाचे सल्लागार स्वतः हरमनच होते. या प्रयोगाचें तिकडे फार कौतुक होतें. तें वाचतांना आम्हांस पुण्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. कारण त्याच्या सव्वीस वर्षें आधीं, १९३७ सालीं, प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू'मध्यें व्ही. शांताराम यांनीं पार्श्वसंगीत वर्ज्य केलें होतें. संगीत-दिग्दर्शक होते केशवराव भोळे. पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटाला संगीत-दिग्दर्शक कशाला, असें कोणी विचारील. पण काय वाजवावें याइतकेंच काय वाजवूं नये हें ठरविणेंहि त्याचेंच काम नव्हे काय? जरठ नवऱ्याच्या त्या घरांत ऐकूं येतात ते घरांतलेच आवाज, आणि शांता आपटे गातात त्या गाण्याला साथ हवी तर ती घरांतल्या ग्रामोफोनची. त्या तरुण मुलीचा कोंडमारा प्रेक्षकाला असह्य होतो, याचें निम्में श्रेय आमच्या मतें या निःशब्दतेला आहे.

असो. वाद एवढा रंगला, पण ज्यावर तो रंगला तें संगीत तरी हातीं राहिलें काय? येथें कथेचा दुःखद भाग येतो. हॉलिवुडच्या करारांप्रमाणें लिहिलेल्या संगीताचा मालक रचनाकार नसे, कंपनी असे. चित्रपटाचा खेळ उतरला कीं कंपनीच्या लेखीं त्या कागदांची किंमत संपली. पार्श्वसंगीताच्या ध्वनिमुद्रिका क्वचित् निघत. मिक्लोश रोझा यांच्या 'जंगल बुक'च्या संगीताचा संच १९४३ च्या सुमारास निघाला, हा अपवाद. आणि त्यांत कथानिवेदकाचा आवाज होता म्हैसूरकडच्या साबूचा. बाकीचें संगीत चित्रपटाच्या रिळावर, संवादांखालीं दबलेलें राहिलें. १९७० च्या सुमारास मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीनें तर आपल्या वाद्यवृंदाच्या स्वरलिपींचे ढीगच्या ढीग, जागा अडते म्हणून, भरावाच्या मातींत घातले! शेकडों वादकांनीं वाजविलेल्या आणि लक्षावधि लोकांनीं ऐकलेल्या सुरांची ही उत्तरक्रिया.

याच सुमारास ते 'रिकामटेकडे' रसिक पुढें सरसावले. १९६५ सालीं अमेरिकेंत स्टायनर यांच्या चाहत्यांनीं त्यांच्या नांवानें एक मंडळ काढलें, तेव्हां स्टायनर स्वतः हयात होते. पुढें १९७० नंतरच्या दोन वर्षांत रोझा यांच्या चाहत्यांचें मंडळ निघालें व त्याचें नियतकालिक सुरू झालें. सभासद साधी नोकरीपेशाचीं माणसें व विद्यार्थी. ते परस्परांना पत्रें लिहीत, दुर्मिळ तबकड्यांच्या याद्या करीत आणि आवडीनिवडीवरून कडाक्याचे वाद घालीत. या वादांमुळेंच कोणती रचना कोठें आहे, कोणती नष्ट झाली, याची नोंद होत गेली. १९७२ सालीं चार्ल्स गेरहार्ट यांनीं कोर्नगोल्ड यांचें चित्रपटसंगीत लंडनमध्यें नव्यानें ध्वनिमुद्रित केलें. निर्माते होते कोर्नगोल्ड यांचेच चिरंजीव. ती मुद्रिका इतकी खपली कीं तिच्यामागून एक मालिकाच निघाली. गिऱ्हाईक नाहीं म्हणून ज्याला अडगळींत टाकलें होतें, त्याचें गिऱ्हाईक दाराशीं उभें होतें!

१९७४ सालीं एल्मर बर्नस्टीन या नामवंत रचनाकारानें आणखी एक पाऊल टाकलें. वर्गणीदारांना टपालानें मुद्रिका पाठविणारा एक संघ त्यानें काढला, आणि आपल्या समव्यावसायिकांचें विस्मृत संगीत स्वतः वाद्यवृंद चालवून ध्वनिमुद्रित केलें. त्यांतली एक मुद्रिका आम्हांला विशेष मोलाची वाटते. १९६६ च्या 'टॉर्न कर्टन'साठीं हरमन यांनीं एकहि व्हायोलिन न घेतां, बारा बासऱ्या व सोळा हॉर्न योजून संगीत लिहिलें होतें. कंपनीला लोकप्रिय धाटणीचें कांहीं हवें होतें. हिचकॉक यांनीं ध्वनिमुद्रण मध्येंच थांबविलें आणि दोघांची मैत्री कायमची तुटली. कोणत्याहि प्रेक्षकानें चित्रगृहांत न ऐकलेलें तें संगीत बर्नस्टीन यांनीं वर्गणीदारांना ऐकविलें. हरमन मात्र तोंवर राहिले नव्हते. १९७५ च्या डिसेंबरांत 'टॅक्सी ड्रायव्हर'चें ध्वनिमुद्रण संपवून ते झोंपले ते पुन्हां उठले नाहींत. बर्नस्टीन यांचा संघ १९७९ पर्यंतच टिकला. मोजक्या वर्गणीदारांवर एवढा वाद्यवृंद पोसणें कठीणच. तरी बीज पडलें होतें. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्यें जॉन विल्यम्स यांनीं कोर्नगोल्ड यांच्या थाटाचा भरघोस वाद्यवृंद पुन्हां आणला, तेव्हां त्याची गोडी असलेला श्रोतृवर्ग तयार होता. आणि मातींत गेलेल्या त्या स्वरलिपींचें काय? जॉन विल्सन या इंग्रज वाद्यवृंदनायकानें जुने चित्रपट पुनःपुन्हां ऐकून त्या कानानें उतरविल्या, आणि २००९ सालीं लंडनच्या प्रॉम्स महोत्सवांत वाजवून दाखविल्या.

या रसिकांत दोष नाहींत असें नव्हे. दुर्मिळ तेंच उत्तम, असें त्यांना सहज वाटूं लागतें. लहानपणीं पाहिलेल्या चित्रपटाचा आनंद ते पुष्कळदां संगीताच्या खात्यावर जमा करतात. आपल्या दैवताचा चुकलेला सूरहि त्यांना साक्षात्कार भासतो. पण प्रेमाचे हे दोष उपेक्षेच्या दोषांहून शतपटीनें सुसह्य आहेत. उपेक्षेनें जें गमावलें त्यांतलें थोडें तरी प्रेमानें परत आणलें.

आतां घरचा विचार. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांनीं प्रभातच्या चित्रपटांना संगीत दिलें. त्यांतलीं गाणीं तबकड्यांवर उतरलीं, म्हणून तीं आजीपासून नातीपर्यंत पोंचलीं. पार्श्वसंगीत मात्र चित्रपटाच्या रिळांतच राहिलें. २००३ च्या जानेवारींत पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या रिळांसह कितीतरी जुनीं रिळें जळून गेलीं. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या ते चित्रपट वांचले. भोळ्यांनीं आपल्या कामाविषयीं स्वतः लिहून ठेविलें आहे, हें आपलें भाग्य. पण रसिकांनीं काय लिहून ठेविलें? गाण्यांवर आपण पुष्कळ बोललों. दोन गाण्यांमधील सुरांवर आणि निःशब्दतेवर जवळजवळ कांहींच नाहीं.

म्हणून आम्हांला असें सुचवावेंसें वाटतें कीं, पुढच्या खेपेस 'संत तुकाराम' वा 'माणूस' घरीं मंडळी मिळून पाहाल, तेव्हां एखाद्यानें कागद-पेन्सिल घेऊन बसावें. वाद्यें कोठें सुरू झालीं, कोणतीं होतीं, कोठें थांबलीं, आणि तेथेंच कां थांबलीं, हें टिपावें. मग वाद घालावा. आमचें मत विचाराल तर तिकडे हरमन आणि इकडे 'कुंकू'चे भोळे, हे आम्हांस सर्वांत जवळचे वाटतात. दोघांनाहि गप्प कधीं बसावें हें ठाऊक होतें. हें मत ज्यांना पटणार नाहीं, त्यांनीं आमच्याशीं अवश्य भांडावें. मात्र जें ऐकलें तें लिहून आणून भांडावें.