पोर्शे ९११ चा एसी: मूळ किती, जोड किती

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी पोर्शे ९११ बाळगणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. मालकाने गाडीतला जुना एसी उतरवला आणि स्वतःच्या हाताने नवा कॉम्प्रेसर, मोठे कंडेन्सर, नव्या नळ्या बसवल्या, तर गाडीचे मूळपण गेले असे अनेक जण मानतात. १९६४ ते १९८९ या काळातल्या ९११ पुरता हा आक्षेप मला मान्य नाही. त्या गाडीचा इतिहास पाहिला तर एसी तिच्या मूळ आराखड्यात कधी नव्हताच. तो मागाहून, दुसऱ्या देशातल्या उन्हासाठी आणि बऱ्याचदा दुसऱ्यांच्या हातून आला. जोडून दिलेली वस्तू अधिक चांगल्या रीतीने जोडणे म्हणजे गाडी बिघडवणे नव्हे, त्या गाडीची जुनी रीत पुढे चालवणे आहे.

ही गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. सहा सिलिंडरचे आडवे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि त्याला गार ठेवायला एक मोठा पंखा. पाणी नाही, म्हणून रेडिएटर नाही. इतर बहुतेक गाड्यांत पुढे रेडिएटर आणि त्याच्यामागे पंखा असतो. त्याच वाऱ्यात एसीचा कंडेन्सर उभा करता येतो आणि शेजारीच इंजिनावर कॉम्प्रेसर बसतो. ९११ मध्ये यातली एकही सोय नव्हती. थंडीत आत लागणारी ऊबसुद्धा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या आवरणातून वारा फिरवून आणावी लागे. पोर्शेच्या गावी, श्टुटगार्टच्या सौम्य उन्हाळ्यात एसीवाचून भागत होते. एसीची जागा मनात धरून ही गाडी कोणी आखली नाही, हे तिच्या रचनेवरूनच उघड दिसते.

पण तिचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकेत होते, आणि तिथे गाडीतला गारवा आधीपासूनच बाहेरून बसवण्याची वस्तू होती. पॅकार्डने १९३९ मध्ये, १९४० च्या मॉडेलसाठी, कारखान्यातून एसी देऊ केला. पण त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी कायमचा बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून बॉनेट उघडावे आणि पट्टा काढावा लागे. महागडा आणि गैरसोयीचा तो प्रयोग लवकरच थांबला. दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्साससारख्या राज्यांत, जिथे जुलैतली दुपार ३५ अंशांच्या पुढे असते, डॅशबोर्डखाली टांगायचे एसी बनवणारा आणि ते कोणत्याही गाडीत बसवून देणारा स्वतंत्र धंदा उभा राहिला. डॅलस आणि फोर्ट वर्थ ही त्याची ठिकाणे. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्या एसीसह जात होत्या. जर्मन स्पोर्ट्स कार विकणाऱ्याला या सवयीपुढे मान तुकवणे भाग होते. म्हणून सुरुवातीच्या ९११ मध्ये एसी हा अमेरिकेतल्या वितरकांनी आणि विक्रेत्यांनी बसवून देण्याचा भाग राहिला. कारखान्याने तो हळूहळू आपल्याकडे घेतला तरी त्याचे जोडकामाचे रूप काही गेले नाही.

ते रूप नीट पाहण्यासारखे आहे. कॉम्प्रेसर मागे इंजिनावर. हवा थंड करणारा इव्हॅपोरेटर पार पुढे, सामानाच्या कप्प्यात. दोघांमध्ये गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीच्या रबरी नळ्या. गरम वायूतली उष्णता बाहेर टाकणारा मोठा कंडेन्सर इंजिनाच्या झाकणाला, जाळीखाली लटकवलेला. इंजिनाचा पंखा हवा ओढे ती याच कंडेन्सरमधून, म्हणजे इंजिनाला गार ठेवणारी हवा आधीच तापून आत जाई. गाडी सिग्नलला थांबली की पंख्याचा वेग पडे, कंडेन्सरखाली इंजिनाची धग साचे आणि आतला गारवा मावळे. नंतर दुसरा कंडेन्सर पुढच्या बंपरच्या मागे, खालच्या बाजूला आला. पण त्याला वारा मिळे तो गाडी धावत असतानाच, आणि शहरातली गाडी दुपारी धावण्यापेक्षा उभीच जास्त असते. यात भर म्हणजे हीटरची झडप झिजली की एक्झॉस्टकडची गरम हवा आत झिरपत राही आणि एसीशी भांडत बसे. आज मालक जे करतात त्याची यादी या दोषांवरूनच निघते. पंखा जोडलेला जादा कंडेन्सर चाकाच्या मागच्या पोकळीत बसतो. जुन्या कंडेन्सरांच्या जागी बारीक समांतर वाहिन्यांचे, तेवढ्याच जागेत जास्त उष्णता टाकणारे कंडेन्सर येतात. हादरे देणाऱ्या जड जुन्या कॉम्प्रेसरऐवजी सान्डेनसारख्या कंपनीचा हलका कॉम्प्रेसर लागतो. आणि हीटरच्या झडपा घट्ट बंद होतात की नाही, हेही पाहावे लागते.

तरीही हे सगळे इतक्या प्रमाणात घडले नसते, जर गॅसच बदलला नसता. या गाड्यांच्या एसीत आर-१२ हा गॅस भरलेला असे. टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ शोधला आणि १९३० मध्ये तो जाहीर झाला. त्याला वास नाही, तो जळत नाही, श्वासात गेला तरी सहसा अपाय करत नाही. त्यामुळे त्याची गळती दशकानुदशके कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. जुन्या रबराच्या नळ्यांतून तो थोडा थोडा झिरपे, दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा भरला जाई. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी असा क्लोरीन असलेला पदार्थ वरच्या वातावरणात पोचून ओझोन फोडतो हे दाखवले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची पोकळी प्रसिद्ध झाली. १९८७ चा माँट्रियल करार आणि त्यानंतरचे कायदे यांमुळे अमेरिकेत आर-१२ चे उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबले. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला आणि औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडता २००८ मध्ये इथलेही उत्पादन थांबले, म्हणून गॅस बदलण्याचा हा अनुभव मुंबई-पुण्यातल्या एसी मेकॅनिकलाही नवा नाही. आर-१२ च्या जागी आर-१३४ए हा गॅस आला तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली. कंडेन्सरचे तापमान ६० अंशांच्या आसपास गेले की त्याचा दाब आर-१२ पेक्षा साधारण १० टक्क्यांनी जास्त भरतो. ज्या ९११ चे कंडेन्सर आधीच अपुरे होते, त्यांच्यासाठी हा शेवटचा भार ठरला. शिवाय जुने खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून आतले तेल धुऊन काढून नवे घालावे लागते. जुन्या नळ्या टिकत नाहीत, म्हणून आत नायलॉनचा थर असलेल्या घ्याव्या लागतात. ओल शोषणारा रिसीव्हर-ड्रायर आणि सांध्यांतल्या ओ-रिंग बदलणे भाग. एवढे सगळे उघडायचेच म्हटल्यावर सुधारणा करण्याची बुद्धी होणे स्वाभाविक होते.

मालकाने हे स्वतः करावे, याची मुभा अमेरिकन कायद्याने ठेवली होती. परवाना लागे तो दुसऱ्याची गाडी पैसे घेऊन दुरुस्त करणाऱ्याला. छोट्या डब्यांतला आर-१३४ए दुकानात मिळत राहिला. गॅस हवेत सोडायला मात्र १९९२ पासून आर-१२ ला आणि १९९५ पासून त्याच्या पर्यायालाही बंदी झाली. म्हणून स्वतः काम करणाऱ्याने जुना गॅस आधी गॅस गोळा करण्याचे यंत्र असलेल्या कार्यशाळेत काढून घेणे, नळ्या आणि कंडेन्सर घरी बसवणे, आणि शेवटी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओल खेचून मगच गॅस भरणे, ही शहाणपणाची रीत ठरली. व्हॅक्यूमची पायरी ज्यांनी घाईत गाळली त्यांचा एसी पहिल्याच उन्हाळ्यात रुसला.

आता आक्षेप पाहू. कारखान्याने स्वतः १९८७ ते १९८९ मध्ये क्लब स्पोर्ट नावाची हलकी ९११ काढली आणि तिच्यातून एसी वगळला, मागच्या सीटही काढल्या. म्हणजे एसी ही स्पोर्ट्स कारला नकोशी वस्तू आहे, असे शुद्धतावादी म्हणतात. मला यातून उलट अर्थ निघताना दिसतो. जी वस्तू इतक्या सहज काढता येते तिला गाडीचा प्राण म्हणता येत नाही, आणि मग ती बदलल्याने प्राण जातो हेही खरे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूळ भाग संग्रहालयाच्या दृष्टीने पुरावा असतात आणि एकदा भंगारात गेले की परत येत नाहीत. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच भोके पाडणाऱ्या, पत्रा कापणाऱ्या सुधारणांना माझा विरोध आहे. उरलेला साठा वापरून आर-१२ च चालू ठेवा, हा तिसरा सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही. नव्वदच्या दशकात हा गॅस मायामीसारख्या बंदरांतून चोरून आणला जात होता, तो याच आग्रहापायी. गळणाऱ्या नळ्यांच्या जुन्या गाडीत तो भरणे म्हणजे तो वर पाठवणे. काही जण त्याऐवजी ज्वालाग्राही हायड्रोकार्बन भरतात. पुढच्या कप्प्यात इव्हॅपोरेटर असलेल्या गाडीत हा धोका कोणी पत्करू नये, आणि आर-१२ च्या जागी असे वायू वापरायला अमेरिकेत बंदीही आहे.

आर-१३४ए ही काही कायमची गोष्ट नाही. १ जानेवारी २०१७ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारगाड्यांत तो भरता येत नाही, आणि माँट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने जगभर त्याचे प्रमाण उतरणीला लागले आहे. म्हणजे आज बसवलेला एसीही पुढच्या मालकाला कधी तरी पुन्हा उघडावा लागणार. तेव्हा त्याच्यासाठी एवढे करा: उतरवलेला कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि त्यांचे ब्रॅकेट पेटीत भरून गाडीसोबत ठेवा, आत कोणता गॅस व किती आणि कोणते तेल भरले याची पट्टी झाकणाच्या आत चिकटवा, आणि पत्र्याला कुठेही नवे भोक पाडू नका.