धोडपची लढाई आणि रघुनाथरावांचा राजकीय ऱ्हास

रघुनाथराव पेशव्यांच्या अधःपतनाची मीमांसा सामान्यतः ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या नारायणरावांच्या खुनापासून सुरू होते. ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेने हा समज अधिकच दृढ केला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या ऱ्हासाचा निर्णायक क्षण त्यापूर्वीच, १७६८ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील धोडप किल्ल्यापाशी येऊन गेला होता.

सेनानी म्हणून रघुनाथरावांची योग्यता नाकारता येत नाही. १७५७-५८ च्या उत्तरेकडील मोहिमेत दिल्ली, सरहिंद व लाहोर हाती आले आणि मराठी फौजा सिंधूपर्यंत पोहोचल्या. मात्र जिंकलेल्या मुलखाचा पक्का बंदोबस्त झाला नाही, आणि मोहिमेअखेर पुण्यास खजिन्याऐवजी कर्जाचा बोजा आला.

नानासाहेबांच्या मृत्यूनंतर माधवराव पेशवे झाले, ते वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी. १७६२ मध्ये निजामाची कुमक घेऊन रघुनाथरावांनी आळेगाव येथे या पुतण्याचा पराभव केला. माधवरावांनी स्वतः चुलत्याच्या स्वाधीन होऊन दौलत फुटू दिली नाही. औदार्यापेक्षा यात मुत्सद्देगिरीच अधिक दिसते. १७६८ मध्ये रघुनाथरावांनी पुन्हा उचल केली. या वेळी दमाजी गायकवाडांची फौज व होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड त्यांच्या पक्षात होते. परंतु जून महिन्यात माधवरावांनी धोडपवर त्यांचा पाडाव केला व त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

या पराभवाने रघुनाथरावांचे स्वतंत्र लष्करी सामर्थ्य संपुष्टात आले. म्हणूनच खुनानंतर हाती आलेली पेशवाई बारभाईंच्या विरोधापुढे टिकली नाही आणि त्यांना इंग्रजांचा आश्रय शोधावा लागला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी व वसई इंग्रजांना देऊ केली. हीच वसई त्यांचे चुलते चिमाजी अप्पा यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकली होती. आश्रितपण किती खालावले होते, हे दर्शविणारा याहून बोलका पुरावा आढळत नाही.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनीही त्यांचा पक्ष सोडला. दरमहा पंचवीस हजार रुपयांच्या नेमणुकीवर ते गोदाकाठी कोपरगाव येथे राहिले व ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच निवर्तले. आनंदीबाईंचा अंत १७९४ मध्ये नाशिकजवळील आनंदवलीस झाला. त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, तोही वसईसच.